टाकीला आग्रह करणारे खुशालराव

निंभोरीत कोणाकडे रोडग्यांची पंगत असली, की तारीख नंतर ठरायची. त्या दिवशी खुशालराव मोकळे आहेत का, हे आधी विचारलं जायचं. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजून, फोडून, तुपात बुडवून वाढावेत ते खुशालरावांनीच. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. अंजनगाव सुर्जीपासून अकोटपर्यंत त्यांच्या हाताला मागणी होती.

मात्र खुशालराव नुसते आचारी नव्हते. स्वयंपाक झाला की कमरेला पंचा बांधून ते स्वतः वाढायला निघत, आणि पाहुण्यांची खरी परीक्षा तिथून सुरू होई. "नको" हा शब्द त्यांना ऐकूच येत नसे. ताटावर हात आडवा धरला तर ते बोटांच्या फटीतून वरण सोडत. मी इथल्या सोसायटीचा सचिव आहे, पुढच्या वर्षी निवृत्त होईन. इतक्या वर्षांत मी अनेक वसुली अधिकारी पाहिले, पण खुशालरावांइतका चिकाटीचा माणूस पाहिला नाही. शेंदूरजनाघाटचा त्यांचा मेहुणा एकदा हात धुवायच्या निमित्ताने उठला, तो मागच्या तुरीच्या शेतातून थेट बसथांब्यावर पोचला. खुशालराव रोडगा घेऊन बसथांब्यावर गेले.

मग कोरोना आला. खुशालराव त्यातून बरे झाले, पण त्यांचं नाक गेलं. वास म्हणून काही येईना. त्यांनी ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. बरे झाल्यावरच्या पहिल्याच पंगतीत वरणाची फोडणी करपली आणि वरण तळाला लागलं. सगळ्या मांडवाला ते कळलं, फक्त आचाऱ्याला कळलं नाही. त्यांनी नेहमीच्या उत्साहाने ते वरण दोन-दोनदा वाढलं, आणि लोकांनी खाल्लं. नाही म्हणायची कोणाची टाप नव्हती. घरी आल्यावर आशाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, सांगितलं, "जळलं होतं वरण. पार कोळसा."

"मंग लोकायनं काहून खाल्लं?"

"तुमी उभे होते न समोर."

त्या दिवशी खुशालरावांनी झारा खुंटीला टांगला. पुढे दोन वर्षं ते ओट्यावर बसून असायचे. रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला "जेवला का" विचारायचे, आणि लोक लांबूनच हो म्हणून पुढे जायचे.

आमच्या सोसायटीचा बायोगॅस प्रकल्प तेव्हा नुकताच उभा राहिला होता. जमिनीत अर्धी बुडालेली मोठी बंद टाकी, तिच्याशेजारी गॅस साठवायचा रबरी फुगा आणि गॅसवर चालणारं वीजनिर्मितीचं इंजिन. टाकीत गावातलं शेण, दालमिलमधली चुनी, म्हणजे डाळीचा चुरा, आणि बाजारातला सडका भाजीपाला घालायचा. त्यावर देखरेखीला माणूस टिकत नव्हता. पहिला वासाने गेला, दुसरा पहिल्याकडून ऐकून आलाच नाही. खुशालराव माझ्याकडे आले आणि म्हणाले, "सचिवसाहेब, मले वास येतच नाई. अन् त्या टाकीले जेवाले घालाचंच काम हाय न?"

प्रकल्पाच्या इंजिनिअर सीमा अमरावतीहून येतात. त्यांनी आधी नकार दिला. जिथे गॅस आहे तिथल्या माणसाला वास यायला हवा, हे त्यांचं म्हणणं रास्त होतं. शेवटी गॅस गळाला तर शिटी वाजवणारी यंत्रं ठिकठिकाणी बसवली आणि खुशालराव रुजू झाले.

आता या प्रकल्पाचं काम काय, ते सांगणं भाग आहे. आमच्या गायरानात सौर पॅनेल आहेत. दुपारी त्यांची वीज एवढी असते की घ्यायला माणूस नाही, कारण तेव्हा गाव शेतात असतं. संध्याकाळी सात वाजता सगळे घरी येतात. दिवे, टीव्ही, पंखे, मिक्सर, चक्की, सगळं एकदम सुरू होतं, आणि सूर्य नेमका तेव्हाच गेलेला असतो. मग बल्ब पिवळे पडतात, पंख्याची पाती मोजता येतात. सीमाताईंचं सांगणं असं, की आपण दिवसभर एका चालीने इंजिन चालवून दुपारच्या भरीत भर घालायची नाही. गॅस फुग्यात साठवायचा, इंजिन मोठं ठेवायचं आणि संध्याकाळी गरज पडेल तसं, कमी किंवा जास्त, चालवायचं. शेण तेवढंच, गॅस तेवढाच. फक्त वेळ गाठायची.

खुशालराव ऐकून म्हणाले, "म्हणजे दुपारची पंगत सूर्य वाढते, अन् संध्याकाळची आपल्याले वाढा लागते."

"अगदी बरोबर, काका."

बरोबर कळूनही पहिल्याच आठवड्यात त्यांनी भर दुपारी इंजिन सुरू केलं. सीमाताईंनी फोनवर विचारलं, "काका, कोणी सांगितलं?"

"फुगा तट्ट भरला होता, ताई. भरलेलं पातेलं पाहून मले बसवत नाई. वाढून टाकलं."

"पण जेवायला कोण होतं?"

खुशालरावांनी सगळीकडे नजर टाकली. गावात एक कुत्रं होतं, तेही झोपलेलं. त्यानंतर ते थांबायला शिकले. दुपारभर फुग्यासमोर खुर्ची टाकून बसत, आणि फुगा भरताना पाहून त्यांच्या चेहऱ्यावर भात शिजत आलेला पाहणाऱ्या माणसाचं समाधान दिसे. सात वाजता बटण दाबलं आणि गावातले बल्ब पांढरे झाले, की ते दाराशी येऊन घराघराकडे पाहत. ओट्यावरची दोन वर्षं त्यांच्या अंगावरून उतरली होती. आशाबाईंची तक्रार एकच होती, की शर्टाला शेणाचा वास येतो. बाहेरच्या नळावर आंघोळ केल्याशिवाय त्यांना घरात प्रवेश नव्हता.

आणि मग वीज कार्यालयाने चाचणी ठेवली. संध्याकाळी भरवशाने वीज देता येते का, ते त्यांना पाहायचं होतं. जमलं तर प्रकल्प संध्याकाळसाठी गावाच्या हातात राहणार होता. जमलं नाही तर इंजिन बारीक चालीने दिवसभर चालवायचं, त्याचं बटण अमरावतीहूनच दाबायचं आणि टाकी भरायचं काम तिथल्याच कंत्राटदाराला द्यायचं, असं ठरलं होतं. तशा कामाला खुशालरावांची गरज नव्हती. ते त्यांना कोणी तोंडाने सांगितलं नाही, पण त्यांनी मला विचारलं, "म्हणजे मंग मी पुन्यांदा ओट्यावर?" मी रजिस्टर चाळायला लागलो, त्यातून त्यांना उत्तर मिळालं.

"कधी येऊन राहिले पाहुणे?" त्यांनी सीमाताईंना विचारलं.

"पुढच्या आठवड्यात, शुक्रवारी संध्याकाळी. नेमकी वेळ सांगणार नाहीत. फोन आला की लगेच इंजिन सुरू करायचं आणि मुख्य लाइन तोडून तासभर सगळं गाव आपल्या विजेवर चालवायचं. मधे बंद पडलं तर संपलं."

पाहुणे येणार म्हटल्यावर खुशालरावांनी तेच केलं, जे ते आयुष्यभर करत आले होते. त्यांनी भरपूर वाढलं. मेहुण्याकडून गळलेल्या, सडक्या संत्र्यांची ट्रॉली मागवली. अंजनगावच्या एका लग्नातला उरलेला भात आणि जिलेबीचा पाक पिंपांतून आणवला. मी त्या दिवशी तिकडे गेलो होतो. खुशालराव टाकीच्या तोंडाशी उभे राहून बादली ओतत होते आणि म्हणत होते, "घे बाप्पा, लाजू नोको. एक बादली कोणाले जड होते?"

टाकीला नाही म्हणता आलं नाही. आत जे व्हायचं ते झालं, आणि खुशालरावांच्या नाकाला त्याचा पत्ता लागला नाही. शिट्या वाजवणारी यंत्रंही गप्प होती, कारण गॅस गळत नव्हताच.

पत्ता लागला आशाबाईंना. नळाजवळ शर्ट उचलला आणि त्या थबकल्या. "आज काय घातलं टाकीत?"

"काहून?"

"शर्टाले शेणाचा वास नाई. आंबलेल्या ताकासारखा येऊन राहिला. बायकोले फसवता येते, नाकाले फसवता येत नाई."

दुसऱ्या दिवशी सीमाताई आल्या. त्यांनी टाकीतला रस काढून त्यात कागदाची पट्टी बुडवली आणि पट्टीचा रंग पाहून कपाळाला हात लावला. गॅस येत होता, पण जळत नव्हता. ज्योत लागताच मान टाकत होती.

"काका, टाकीचं पोट आंबलंय. आत दोन जातीचे जीवाणू असतात. पहिले अन्न आंबवतात. दुसरे तो आंबट रस खाऊन त्याचा गॅस करतात. दुसरे फार सावकाश जेवतात. तुम्ही पहिल्यांना एवढं वाढलंत, की दुसरे आंबटात बुडाले. त्यात संत्र्याच्या सालीचं तेल त्यांना सोसत नाही."

खुशालरावांनी रिकामी बादली पालथी घातली. मग म्हणाले, "पहिली पंगत उठली नाई, अन् मी दुसरी बसवली."

इलाज सोपा होता आणि खुशालरावांसाठी महाभयंकर होता. टाकीला उपास. शुक्रवारपर्यंत काही घालायचं नाही. थोडा थोडा चुना कालवून सोडायचा, आणि चांगल्या चाललेल्या टाकीतलं ताजं शेणपाणी आणून विरजणासारखं लावायचं.

गावात बातमी पसरली आणि लोक टाकीला भेटायला येऊ लागले. आजारी माणसाकडे येतात तसे येत, टाकीकडे पाहत, हळू आवाजात बोलत आणि चहा पिऊन जात. कोणी ओवा सुचवला, कोणी हिंग. गोदाबाई नजर उतरवायला लिंबू-मिरची घेऊन आल्या.

"मिरची बांध," आशाबाई म्हणाल्या, "लिंबू घरी ने. आंबट काय कमी हाय का अंदर?"

विरजण दिलं इनायतुल्लांनी. अंजनगावच्या वेशीवर त्यांचा म्हशींचा गोठा आहे आणि घरचा गोबरगॅस आहे. त्यांनी शेणपाण्याची टाकी ट्रॅक्टरला जोडून आणली आणि उतरता उतरता खुशालरावांना धरलं.

"खुशालभाऊ, आमच्याकडे म्हशीचं पोट बिघडलं तं पहिले चारा बंद करतो. तुमी काय करता?"

"मी काई नाई करून राहिलो."

"तेच करा. मले तुमी माह्या पोरीच्या निकाहात जेवू घातलं होतं. चार दिवस मी पान्यावर होतो. ही तं बिचारी बोलत बी नाई."

खुशालरावांनी मग स्वतःही जेवण सोडलं. टाकी उपाशी असताना घास उतरत नाही, असं त्यांचं म्हणणं. आशाबाईंनी ताट समोर आपटलं. "ते टाकी हाय. तुमची सासू नाई. जेवा मुकाट्यानं." मग ते जेवले, पण अर्धंच, आणि नंतर टाकीजवळ जाऊन बसले.

शुक्रवार उजाडला तेव्हा टाकीचा आंबटपणा उतरला होता. ज्योत निळी आणि सरळ जळत होती. मात्र उपासामुळे गॅस बेताचा होता, आणि फुगा अर्ध्याच्या थोडा वर येऊन थांबला होता. सीमाताईंनी आकडेमोड केली. जपून वापरला तर तास निघेल, सगळ्या गावाने एकदम हात मारला तर निघणार नाही.

तेव्हा खुशालराव ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर गेले. त्यांचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा काटकसरीचा निघाला. "गावकऱ्यायले विनंती हाय. आज संध्याकाळी वीज जपून वापरा. चक्की, इस्त्री, मोटर बंद ठेवा. तुमचा खुशाल ओट्यावर जाऊ नये असं वाटत असन, तं एवढं करा."

वीज कार्यालयाचे कुलदीप साहेब साडेपाचला जीपने आले. तरुण, शांत माणूस. खुशालरावांनी चहा पुढे केला. साहेबांनी एक घेतला, दुसराही घेतला. तिसऱ्याला ते "मी कामावर आहे" म्हणाले, पण तोवर चहा त्यांच्या हातात होता.

सातच्या सुमारास अमरावतीहून फोन आला. खुशालरावांनी बटण दाबलं. इंजिन एकदा खोकलं, मग धरलं. मुख्य लाइन तोडली. गाव आता आमच्या टाकीवर होतं. आम्ही सगळ्यांनी श्वास सोडला.

पण इंजिनाचा आवाज बरा येईना. चढायचं, उतरायचं, पुन्हा चढायचं, जणू रिकामी बैलगाडी उतारावर सुटली आहे. कुलदीप साहेब मीटरच्या काट्याकडे पाहून म्हणाले, "गावात कोणी वीजच वापरत नाहीये. इंजिनाला थोडं तरी ओझं लागतं. असंच राहिलं तर ते आपोआप बंद पडेल."

सीमाताई दाराबाहेर गेल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. सगळं गाव प्रकल्पाच्या आवारात उभं होतं. घराघरातला शेवटचा दिवा मालवून, टीव्ही बंद करून, बायका-पोरांसकट लोक खुशालरावांची चाचणी पाहायला आले होते. मागे निंभोरी काळीकुट्ट पडली होती.

"काका," सीमाताई म्हणाल्या, "हे सगळे इथे काय करतायत?"

"मीच सांगतलं होतं जपून वापरा." खुशालरावांचा आवाज खोल गेला. मग त्यांनी गर्दीकडे पाहिलं. एवढा मांडव भरलेला, आणि कोणाच्याच ताटात काही नाही. त्यांनी कमरेला पंचा बांधला.

"सूर्यभान, तुयी चक्की काहून बंद हाय?"

"तुमीच बंद कराले लावली न, भाऊ."

"आता मीच सांगतो, चालू कर."

"दळाले काही नाई ना पण."

"माह्या घरून ज्वारी घेऊन जा. जमुना, तुह्या घरी पंखे किती?"

"दोन हायेत, भाऊजी. पन थंडी हाय."

"चादर घे अन् दोनी लाव. एक लावून का होते? गोदाबाई, इस्त्री काढा."

"मायाकडे इस्त्रीचे कपडे नाईत, बाप्पा."

"हे घ्या." खुशालरावांनी अंगातला शर्ट काढून त्यांच्या हातात दिला. गोदाबाईंनी तो दोन बोटांनी लांब धरला आणि घरचा रस्ता धरला.

"इनायतभाऊ, तुमी?"

"मायं घर अंजनगावले हाय, खुशालभाऊ. तुमची वीज तेथवर येत नाई."

"मंग ग्रामपंचायतीत जाऊन बसा. टीव्ही लावा. मोठ्यानं लावा."

माणसं "नको, पुरे, कशाला" म्हणत होती आणि घराकडे पळत होती. उघडे खुशालराव त्यांच्यामागे गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. एकेक दिवा लागला, मग ओळीने लागले. चक्की घरघरली. मोटारी सुरू झाल्या. इंजिनाचा आवाज भरत गेला, जड झाला आणि एका सुरात लागला. कुलदीप साहेबांनी मान हलवली. खुशालराव धापा टाकत परत आले, चेहरा उजळलेला, आणि अजून कोण जेवायचं राहिलं ते आठवू लागले.

"काका," सीमाताई फुग्याकडे बोट दाखवून म्हणाल्या.

फुगा झपाट्याने बसत होता. खुशालरावांच्या आग्रहाला गाव बळी पडलं होतं. ज्याच्या घरी जे होतं ते त्याने लावलं होतं. पाणी तापवायचे रॉडसुद्धा. तास व्हायला बराच अवकाश होता.

"थांबवा त्यांना," सीमाताई म्हणाल्या. "आता पुरे म्हणायला हवं."

खुशालराव नुसते उभे राहिले. जेवत्या माणसाला पुरे म्हणायचं, हे त्यांनी कधी केलं नव्हतं. दुसऱ्याच्या तोंडून तो शब्द त्यांनी हजारो वेळा ऐकला होता आणि एकदाही मानला नव्हता. आशाबाई कुंपणाशी उभ्या होत्या.  खुशालरावांनी एकदा फुग्याकडे पाहिलं आणि भोंग्याकडे चालायला लागले. मी सोबत गेलो. माइक हातात घेऊन त्यांनी घसा साफ केला, पुन्हा साफ केला.

"निंभोरीच्या मंडळींनो," ते म्हणाले, आणि मग अगदी बारीक आवाजात, "पुरे."

गावाला वाटलं भोंगा बिघडला.

"पुरे म्हणतो मी. पान्याचे रॉड काढा. मोटारी बंद करा. चक्की राहू द्या, पंखा एकच ठेवा. टीव्ही पाहा. जेवले न सगळे? मंग झालं."

बोलता बोलता त्यांना सूर सापडला. कोणाचं काय बंद करायचं, कोणाचं ठेवायचं, हे ते नावं घेऊन सांगू लागले. इंजिन हळू झालं, पण डगमगलं नाही. बाहेर कोणी जास्त लावलं की चढायचं, बंद केलं की उतरायचं. तास भरला तेव्हा फुग्याची चादर जवळजवळ जमिनीला टेकली होती. मुख्य लाइन जोडली गेली.

कुलदीप साहेबांनी काट्यांचे आकडे उतरवून घेतले. मग म्हणाले, "आम्हाला एवढंच पाहायचं होतं, की गरजेप्रमाणे कमी-जास्त करता येतं का. पण एका तासात शून्यापासून वर आणि वरून खाली, इतकं कोणी करून दाखवत नाही. हे मुद्दाम केलं का?"

सीमाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खुशालरावांकडे पाहिलं.

"पंगतीत असंच असते, साहेब," खुशालराव म्हणाले. "कोणी आधी कमी जेवते, कोणी मंग लय जेवते."

प्रकल्प संध्याकाळसाठी गावाकडेच राहिला, आणि खुशालरावही. सीमाताईंनी एकच अट घातली. रोज कोणीतरी टाकीचा वास घ्यायचा, आणि तो माणूस खुशालराव नसावा. गावात त्यासाठी एकच नाक मान्य होतं. आशाबाईंनी आढेवेढे घेतले. प्रकल्पावर पाय ठेवणार नाही म्हणाल्या, आणि शर्ट धुतल्याशिवाय घरात घेणार नाही असंही म्हणाल्या. पण धुतला तर वास कसा कळणार, हा पेच त्यांनाही सुटेना. अखेर असं ठरलं, की संध्याकाळी खुशालरावांनी शर्ट घराच्या कुंपणावर टांगायचा, लांब उभं राहायचं, आणि आशाबाईंनी येऊन तपासायचा. शेजारच्या बायकाही आता तेवढ्या वेळेला बाहेर येतात.

परवा मी तिथून जात होतो. आशाबाईंनी शर्टाची बाही नाकाजवळ धरली, सोडली, पुन्हा धरली.

"आज ठीक हाय," त्या म्हणाल्या. "उद्या एक बादली कमी घाला."

"अर्धी," खुशालराव लांबून म्हणाले.

"एक."

"हाव," खुशालराव म्हणाले आणि नळ सोडायला गेले.